अधूनमधून बंद पडणारं जुन्या पिकअप ट्रकचं इंजिन: दोष पकडायचा कसा

जी गाडी सुरूच होत नाही ती एक वेळ परवडली. निदान एका जागी उभी राहून तपासू तरी देते. चालता चालता बंद पडणारा जुना पिकअप ट्रक मात्र माणसाचा जीव खातो. भर रस्त्यात मान टाकतो, पंधरा मिनिटांनी काही झालंच नाही अशा थाटात सुरू होतो आणि गॅरेजात नेला की दिवसभर एकदाही कुरकुरत नाही. मग अंदाजाने पार्ट बदलणं सुरू होतं. आधी प्लग, मग कॉइल, मग फिल्टर, शेवटी पंप. खिसा रिकामा होतो आणि दोष जिथल्या तिथे राहतो.

इंजिन नीट चालत असताना हा दोष हजरच नसतो, मग तो दिसणार कसा? तो दिसतो इंजिन बंद पडल्यावरच्या दोन-चार मिनिटांत. तेवढ्या वेळात एका प्रश्नाचं उत्तर मिळवायचं असतं: आधी गेलं काय, करंट (म्हणजे ठिणगी) की पेट्रोल? एवढं कळलं की निम्म्याहून जास्त इंजिन संशयातून सुटतं. हे उत्तर मिळवण्याची तयारी मात्र गाडी धडधाकट चालत असतानाच करून ठेवावी लागते. पुढचं बरंचसं लिखाण त्या तयारीबद्दलच आहे.

इथे डोळ्यासमोर आहेत ते साधारण १९७० ते २००० या काळातले पेट्रोल पिकअप, कार्ब्युरेटरवाले आणि सुरुवातीच्या फ्युएल इंजेक्शनचेही. डिझेलचा हिशोब वेगळा असल्यामुळे तो शेवटी घेतला आहे.

आधी जीव सांभाळा

चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं की पॉवर स्टिअरिंग एकदम जड होतं, पण चाकं वळतात. ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम एक-दोन वेळा पाय दाबण्यापुरता पुरतो. म्हणून ब्रेक पंप करत बसू नका, एकदाच दाबून धरा आणि गाडी कडेला घ्या. किल्ली पूर्ण मागे फिरवू नका, स्टिअरिंग लॉक होईल. गाडी गजबजलेल्या रस्त्यावर बंद पडत असेल तर तपासणीसाठी सुद्धा ती तिथे नेऊ नका, मोकळा रस्ता शोधा.

पेट्रोलची लाइन उघडण्याआधी इंजिन गार होऊ द्या, सिस्टिममधला दाब काढा आणि आग विझवायचा सिलेंडर हाताशी ठेवा. त्याशिवाय कामाला हात लावू नका.

पायरी १: बंद पडते ती नेमकी कशी?

गाडीत एक वही ठेवा आणि प्रत्येक वेळी लिहा: इंजिन गार होतं की तापलेलं, निघून किती वेळ झाला होता, वेग किती, टाकीत पेट्रोल किती, वळणावर होतात की खड्ड्यात, पाय ब्रेकवर होता का, हवा दमट होती का, पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागला. चार-पाच नोंदी झाल्या की त्यात काहीतरी सारखं दिसायला लागतं. टाकी पाव भरली असताना डाव्या वळणावरच बंद पडणारी गाडी आणि तापल्यावर सिग्नलला बंद पडणारी गाडी, यांचे आजार पूर्ण वेगळे असतात.

सगळ्यात महत्त्वाची नोंद बंद पडण्याच्या पद्धतीची.

कोणीतरी किल्ली फिरवल्यासारखं इंजिन एका क्षणात गेलं, तर बहुतेक वेळा दोष विजेचा असतो. आधी ओढ कमी झाली, झटके आले, गुदमरत गुदमरत बंद पडलं, तर इंधनाचा. रस्त्यावर ठणठणीत चालते आणि अॅक्सिलरेटर सोडला, गाडी थांबवली की बंद पडते, तर बहुधा हवेचा किंवा आयडलिंगचा (रेस न देता इंजिन मंद चालतं त्याचा). याला अपवाद आहेत, पण शोध कुठून सुरू करायचा ते यावरून ठरतं.

डॅशबोर्डकडे लक्ष देण्याची सवय लावा. इंजिन गेल्यावर ऑइल आणि चार्जिंगचे दिवे लागले, तर बॅटरीपासून किल्लीपर्यंतचा पुरवठा ठीक आहे. सगळा डॅशबोर्डच काळवंडला, तर बॅटरीचे टर्मिनल, मुख्य वायर किंवा किल्लीचा स्विच यांपैकी कोणीतरी दगा देतंय.

टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे दाखवणारं मीटर) असेल तर त्याचा काटा फार काही सांगून जातो. गिअर हाताने बदलायचा असेल तर इंजिन बंद पडल्यावरही, क्लच दाबेपर्यंत चाकंच इंजिनाला फिरवत असतात. अशा वेळी काटा धाडकन शून्यावर आला, म्हणजे इंजिन फिरत असूनही इग्निशनचा (ठिणगी देणाऱ्या यंत्रणेचा) सिग्नल नाहीसा झाला. काटा गाडीच्या वेगाबरोबर सावकाश उतरत गेला, तर सिग्नल शाबूत आहे, पेट्रोलकडे वळा.

पायरी २: साधनं काढण्याआधी

बॅटरीचे टर्मिनल हाताने पिळून पाहा. हलले तर आधी ते साफ करून घट्ट करा आणि मगच पुढचा विचार करा. बॅटरी गाडी उभी असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दाखवायला हवी.

मग अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे करंट परतायची वाट. जुन्या ट्रकमध्ये इंजिन ते बॉडी आणि इंजिन ते चासी अशा अर्थच्या पट्ट्या असतात. कधीतरी इंजिन उतरवलं जातं आणि परत बसवताना एखादी पट्टी लावायची राहते. ओहम मीटरवर अर्थ तपासण्यात अर्थ नाही, कारण दहापैकी एक तार शिल्लक असली तरी मीटर शून्य दाखवतो. इंजिन चालू करा, हेडलाइट आणि ब्लोअर लावा, मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक इंजिनच्या ब्लॉकला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला लावा. ०.२ व्होल्टच्या वर आकडा आला तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे.

इंजिन आयडलिंगला ठेवून हलवून बघायचं कामही आत्ताच उरका. वायरिंगचा जुडगा ठिकठिकाणी वाकवा, विशेषतः तो जिथे फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून) आत जातो आणि जिथे एक्झॉस्टजवळून जातो तिथे. रिले (विजेवर चालणारे स्विच) आणि इग्निशन मॉड्यूल (कॉइलचा करंट चालू-बंद करणारी डबी) यांना स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोका. किल्ली स्विचमध्येच वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. किल्लीला इतर दहा किल्ल्यांचा जुडगा लटकवलेला असेल तर तो काढून आठवडाभर गाडी चालवून पाहा. वर्षानुवर्षं त्या वजनाने स्विचच्या आतले कॉन्टॅक्ट झिजतात आणि खड्ड्यात गाडी आदळली की क्षणभर सुटतात.

हवेच्या रबरी नळ्याकडेही नीट बघा. १९८० च्या दशकातल्या काही इंजेक्शन गाड्यांमध्ये, उदाहरणार्थ टोयोटाच्या २२आर-ई इंजिनात, हवा मोजायच्या मीटरमध्ये एक झडप असते आणि पेट्रोल पंप चालू ठेवणारा कॉन्टॅक्ट त्याच झडपेला जोडलेला असतो. मीटर आणि थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी पाकळी) यांच्यामधल्या रबरी नळ्याला चीर पडली की हवा चिरेतून आत जाते, झडप मिटते आणि पंपच बंद होतो. इंजिन शांत असताना ही चीर मिटलेली असते. रेस दिल्यावर इंजिन एका बाजूला कलतं तेव्हाच ती उघडते. म्हणून नळा नुसता पाहू नका, वळ्या ताणून आतपर्यंत बघा.

पायरी ३: कोड वाचा, पण त्यावर विसंबू नका

अमेरिकेत १९९६ पासूनच्या हलक्या गाड्यांना ओबीडी-२ (कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषांचे कोड वाचायचं) सॉकेट आहे, कुठलाही साधा स्कॅनर चालतो. त्याआधीच्या अनेक गाड्या चेक इंजिनच्या दिव्याची उघडझाप करून कोड सांगतात. जनरल मोटर्सच्या जुन्या ट्रकमध्ये सॉकेटच्या ए आणि बी पिना जोडून, इंजिन बंद ठेवून किल्ली ऑन केली की आधी १२ हा कोड येतो. तो दोष नाही, यंत्रणा बोलायला तयार आहे एवढाच त्याचा अर्थ. टोयोटामध्ये हेच काम टीई१ आणि ई१ या पिना जोडून होतं.

कोड सापडला नाही म्हणून सेन्सर चांगला असं मात्र धरू नका. क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणारा) मेला की कॉम्प्युटरच्या लेखी इंजिन थांबलेलं असतं, आणि थांबलेल्या इंजिनाबद्दल तो तक्रार कशाला नोंदवेल? स्कॅनरवर लाइव्ह डेटा दिसत असेल तर बंद पडल्यावर सेल्फ मारताना आरपीएमचा आकडा बघा. इंजिन फिरतंय आणि आकडा शून्य, तर तिथेच थांबा. तुमचा चोर हाच.

पायरी ४: दोन दिवे आणि एक गेज

या पायरीवर अर्धा दिवस गेला तरी चालेल, कारण इथून पुढे अंदाज बांधावे लागत नाहीत.

दोन छोटे १२ व्होल्टचे बल्ब घ्या, डॅशबोर्डच्या दिव्याएवढे. प्रत्येकाच्या वायरमध्ये लहान फ्यूज टाका. पहिल्या बल्बची वायर कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाच्या) पॉझिटिव्ह टोकाला जोडा. दुसऱ्याची पेट्रोल पंपाला जाणाऱ्या पॉझिटिव्ह वायरला, शक्यतो पंपाजवळ. दोन्हींची दुसरी टोकं अर्थला. बल्ब आत आणून डॅशबोर्डवर नजरेसमोर चिकटवा आणि कुठला कशाचा ते पट्टीवर लिहा. ऐन वेळी ते आठवत नाही. कॉइलला बॅलास्ट रेझिस्टर (तिचा करंट कमी करणारा भाग) असेल तर वायर त्याच्या आधीच्या टोकाला जोडा, नाहीतर बल्ब मंद जळेल आणि तुम्ही गोंधळाल. कॉइलच्या निगेटिव्ह टोकाला बल्ब जोडून गाडी चालवू नका, स्पार्कचं गणित बिघडतं.

तिसरी गोष्ट इंधनाच्या दाबाचा गेज. लांब होज लावून तो बोनेटच्या मागच्या फटीतून बाहेर काढा आणि पुढच्या काचेवर बाहेरून, वायपरखाली चिकटपट्टीने पक्का बसवा. पेट्रोल भरलेला गेज केबिनमध्ये कधीही आणायचा नाही. होज एक्झॉस्टला टेकत नाही ना, बोनेट बंद केल्यावर चिमटत नाही ना, हे बघा आणि इंजिन चालू करून गळती तपासा. जनरल मोटर्सच्या थ्रॉटल बॉडी इंजेक्शनला साधारण ९ ते १३ पीएसआय (चौरस इंचामागे पाउंड) दाब लागतो, बऱ्याच मल्टिपोर्ट (प्रत्येक सिलेंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) इंजिनांना ३५ ते ४५ च्या घरात, तर कार्ब्युरेटरच्या मेकॅनिकल पंपाला ४ ते ७ पुरतो. तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम माना. काहींना याहून बराच जास्त लागतो.

आता गाडी ज्या परिस्थितीत बंद पडते तिथे ती घेऊन जा, जमल्यास दिव्यांवर लक्ष ठेवायला सोबत कोणीतरी घ्या. आणि बंद पडू द्या.

दोन्ही दिवे एकदम गेले, तर दोघांच्या सामाईक पुरवठ्यात घोळ आहे: किल्लीचा स्विच, मुख्य रिले, फ्यूजिबल लिंक (फ्यूजसारखी जळणारी वायर) किंवा त्यांच्यामधला एखादा जळका कनेक्टर.

कॉइलचा दिवा जळतोय आणि पंपाचा गेला, तर घाईने पंपाच्या रिलेला दोष देऊ नका. बहुतेक इंजेक्शन गाड्यांमध्ये इंजिन फिरत असल्याचा सिग्नल थांबला की कॉम्प्युटर स्वतःहून पंप बंद करतो. म्हणजे पंपाचा दिवा जाणं हे कारण नसून परिणाम असू शकतं. लगेच सेल्फ मारून स्पार्क बघा. स्पार्कही नसेल, तर क्रँक सेन्सर, डिस्ट्रिब्युटरमधला (प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या भागातला) पिकअप कॉइल, म्हणजे ठिणगीची वेळ सांगणारा सेन्सर, किंवा इग्निशन मॉड्यूल. स्पार्क ठणठणीत असेल, तर रिले आणि त्याची वायर. फोर्डमध्ये टक्कर झाल्यावर पंप तोडणारा इनर्शिया स्विचही याच वाटेवर असतो.

दोन्ही दिवे जळताहेत पण गेजचा काटा खाली आला, तर पंप, फिल्टर, टाकीतली जाळी किंवा टाकीचा श्वास, म्हणजे टाकीत हवा यायची वाट.

दोन्ही दिवे जळताहेत, दाब पूर्ण आहे, तरी इंजिन गेलं? मग स्पार्क तपासा. तो नसेल तर मॉड्यूल, कॉइल, डिस्ट्रिब्युटरचा रोटर किंवा कॅप. असेल तर इंजेक्टरना सिग्नल मिळतो का बघा, आणि नंतर हवा व ईजीआर (जळालेला धूर परत आत सोडणारा व्हॉल्व्ह) यांच्याकडे या.

स्पार्क बघण्यासाठी प्लगच्या वायरला लावायचा स्पार्क टेस्टर घ्या. वायर हातात धरून ठिणगी बघायची जुनी पद्धत इलेक्ट्रॉनिक इग्निशनवर वापरू नका. हजारो व्होल्टचा झटका बसतो आणि वाट न मिळालेला करंट मॉड्यूल जाळू शकतो.

कार्ब्युरेटरवाल्या गाडीत यापेक्षा सोपं काम आहे. इंजिन बंद पडल्यावर लगेच एअर क्लीनर काढा, तोंड लांब ठेवून घशात टॉर्च मारा आणि अॅक्सिलरेटरची लिंक हाताने एकदा ओढा. पेट्रोलची पिचकारी दिसली तर बाऊलमध्ये (कार्ब्युरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या वाटीत) पेट्रोल आहे, करंटकडे जा. पिचकारी नाही, तर बाऊल कोरडा पडलाय. आणि न ओढताच पेट्रोल टपटपत असेल, घसा ओला असेल, तर बाऊल भरल्यावर पेट्रोल थांबवणारी फ्लोटची सुई अडकून इंजिन ओव्हरफ्लो होतंय.

तापल्यावर जातो तो करंट

गार असताना ठीक, अर्ध्या-पाऊण तासाने बंद, थंड झाल्यावर पुन्हा ठीक. असा नियम दिसला आणि स्पार्क गायब असल्याचं सिद्ध झालं, तर संशयित मोजकेच उरतात.

इग्निशन मॉड्यूल हा त्यातला अट्टल. जनरल मोटर्सच्या एचईआय इग्निशनमध्ये तो डिस्ट्रिब्युटरच्या आत बसतो, तर फोर्डच्या टीएफआय प्रकारात अनेक वर्षं तो डिस्ट्रिब्युटरच्याच अंगाला चिकटवलेला होता, म्हणजे इंजिनाच्या ऐन धगीत. मॉड्यूलच्या पाठीला उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावायची असते. ती न लावता बसवलेला नवा मॉड्यूल जुन्याच्याही आधी जातो.

पिकअप कॉइलचा दोष त्याहून खट्याळ. डिस्ट्रिब्युटरमधली प्लेट व्हॅक्यूम अॅडव्हान्समुळे पुढे-मागे होते आणि तिच्याबरोबर पिकअपच्या दोन बारीक वायरी लाखो वेळा वाकतात. वरचं आवरण शाबूत राहतं, आतली तार तुटते. तुटलेली टोकं एकमेकांना टेकलेली असताना इंजिन चालतं, प्लेट हलली की बंद. म्हणून इथे नुसतं मोजून भागत नाही. कनेक्टर सोडवून मीटर लावा, एचईआयमध्ये ५०० ते १५०० ओहम यायला हवेत. मग हातपंपाने अॅडव्हान्सच्या डब्याला व्हॅक्यूम देऊन प्लेट सावकाश फिरवा आणि आकड्यावरची नजर हलवू नका. मध्येच आकडा उडाला की झालं.

चुंबकी क्रँक सेन्सरही असाच मोजता येतो: आधी गार, मग हेअर ड्रायरने तापवून. हॉल प्रकारच्या तीन वायरींच्या सेन्सरला ओहम मीटर लावू नका, त्यातून काहीच कळत नाही. त्याला पुरवठा आणि अर्थ मिळतोय का ते पाहून सिग्नलच्या वायरवर व्होल्टेजची उघडझाप बघावी लागते. रस्त्यात खात्री करायची असेल तर बंद पडलेल्या गाडीत एका वेळी एकच पार्ट इलेक्ट्रॉनिक पार्टसाठीच्या गार करायच्या स्प्रेने थंड करा आणि सेल्फ मारा. ज्याच्यावर मारल्यावर गाडी लगेच उठते, तो दोषी.

एक वेगळा नमुना: सेल्फ मारताना इंजिन पेटतं आणि किल्ली सोडली की त्याच क्षणी जातं. हा जवळजवळ नेहमी तुटलेला बॅलास्ट रेझिस्टर असतो, नाहीतर किल्लीच्या स्विचचा रन कॉन्टॅक्ट. सेल्फ मारताना करंट बॅलास्टला वळसा घालून जातो, म्हणून तेवढ्यापुरतं सगळं ठीक वाटतं. पॉइंटच्या (मॉड्यूलऐवजी यांत्रिक स्विच असलेल्या) इग्निशनमध्ये तापल्यावर कंडेन्सर दगा देतो. तो स्वस्त आहे, सरळ बदलून बघा.

दाब पडतो तेव्हा

फिल्टर आधी बदला, हे सांगायला नको. पण काढलेला फिल्टर फेकू नका. ज्या बाजूने पेट्रोल आत येतं त्या तोंडाने तो पांढऱ्या कपड्यावर उलटा करा. तपकिरी गंज पडला तर मूळ दुखणं टाकीत आहे आणि नवा फिल्टरही तसाच भरणार.

टाकीतला गाळ पंपाच्या जाळीला चिकटतो तेव्हा गाडी वीस-तीस मिनिटं छान चालते, मग दाब हळूहळू उतरतो. इंजिन बंद पडल्यावर ओढ थांबते, गाळ जाळीवरून सुटून खाली बसतो आणि थोड्या वेळाने गाडी पुन्हा सुरू होते. लक्षण हुबेहूब तापलेल्या मॉड्यूलसारखं. गेज नसेल तर या दोघांत फरक करणं जवळजवळ अशक्य.

बंद पडल्याबरोबर टाकीचं झाकण उघडा. फुस्स आवाज करत हवा आत ओढली गेली आणि लगेच गाडी सुरू झाली, तर टाकीचा श्वास बंद आहे. मूळ झाकणाऐवजी बिनछिद्राचं भलतंच झाकण लावलेलं असणं हे याचं नेहमीचं कारण. दोन टाक्यांचा ट्रक असेल तर बंद पडायला लागताच दुसऱ्या टाकीवर घ्या. सावरला, तर पहिली टाकी, तिचा पंप किंवा टाक्या बदलणारा व्हॉल्व्ह यांच्याकडे बोट जातं.

टाकीतला विजेचा पंप मरायला टेकला असेल तर बंद पडल्यावर कोणाला तरी सेल्फ मारायला सांगून टाकीच्या तळाला रबरी हातोडीने ठोका. पंपाने पुन्हा सूर धरला, तर त्याचे ब्रश संपलेत. ही दुरुस्ती नाही, घरी पोचण्यापुरती सोय आहे.

मेकॅनिकल पंप पेट्रोल ओढून घेतो, त्यामुळे टाकी ते पंप या भागातली चिरलेली रबरी नळी बाहेर थेंबही गाळत नाही, उलट आत हवा ओढते. ती कोरडी दिसते म्हणून सोडून देऊ नका. कडक झालेली प्रत्येक नळी बदला.

कडक उन्हात चढ चढून आल्यावर किंवा तापलेलं इंजिन काही मिनिटं उभं राहिल्यावर कार्ब्युरेटरची गाडी रुसत असेल तर लाइनमध्येच पेट्रोलची वाफ होत असेल. लाइन एक्झॉस्टपासून किती लांब आहे आणि मूळचा उष्णतारोधक पत्रा जागेवर आहे का, ते बघा. याच्या नेमकं उलट म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरणं. हवा थंड आणि दमट असताना, अगदी पाणी गोठायच्या बऱ्याच वर तापमान असतानाही, घशात पेट्रोलची वाफ होताना इतका गारवा तयार होतो की हवेतलं बाष्प गोठून वाट अडते. निघाल्यावर थोड्याच वेळात गाडी गुदमरून बंद पडते आणि इंजिनाच्या धगीने बर्फ वितळला की पुन्हा धावते. तोवर पुरावाही वितळून गेलेला असतो. एक्झॉस्टभोवतीची गरम हवा एअर क्लीनरला नेणारी एक नळी कारखान्यातून दिलेली असते, तिचं काम हेच टाळणं. दिसायला फालतू वाटते म्हणून ती कोणीतरी कधीच काढून टाकलेली असते.

फक्त थांबताना बंद पडत असेल तर

आयडलिंगचा स्क्रू फिरवून रेस वाढवणं हा इलाज नव्हे. तो दोष झाकतो आणि थोड्या दिवसांनी तुम्हाला आणखी गोंधळात टाकतो.

इंटेक मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावा. धडधाकट इंजिन आयडलिंगला साधारण १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम दाखवतं आणि काटा स्थिर राहतो. उंच प्रदेशात आकडा कमी येतो, तो दोष नाही. काटा स्थिर पण खाली असेल तर कुठूनतरी हवा घुसतेय किंवा टायमिंग मागे पडलंय. नळ्या एकेक करून पक्कडीने चिमटा आणि इंजिनचा आवाज ऐका. ब्रेक दाबल्यावरच बंद पडत असेल तर बूस्टरची नळी चिमटून बघा. सुधारलं, तर बूस्टरचा पडदा फाटलाय.

इंजेक्शन गाडीत थ्रॉटलच्या पाकळीमागे आणि आयडल कंट्रोल व्हॉल्व्हच्या वाटेत काजळी साचते. दोन्ही साफ करणं हे सगळ्यात स्वस्त काम, म्हणून आधी तेच. ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकला तर आयडलिंगला जळालेला धूर परत आत येतो आणि इंजिन गुदमरतं. व्हॉल्व्ह काढून त्याच्या बैठकीत काजळीचा खडा अडकलाय का ते बघा.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा ट्रक हायवेवरून उतरून थांबताना, क्लच न दाबता ब्रेक मारल्यासारखा धक्का देऊन बंद पडत असेल, तर इंजिनाला हात लावू नका. टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारी पकड) सुटत नसावा. जनरल मोटर्सच्या ७००आर४ गिअरबॉक्समध्ये हा प्रकार ओळखीचा आहे. लॉकअप सोलेनॉइडचा कनेक्टर काढून एक फेरी मारा. बंद पडणं थांबलं तर बिघाड त्याच्या वायरिंगमध्ये किंवा स्विचमध्ये आहे. थांबलं नाही तरी गिअरबॉक्स सुटत नाही, कारण सोलेनॉइड किंवा त्याचा व्हॉल्व्ह आतल्या आत अडकलेला असू शकतो.

ओढ दिवसेंदिवस कमी होत जाऊन मग बंद पडणं, हे तुंबलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं (एक्झॉस्टमधल्या धूर शुद्ध करणाऱ्या भांड्याचं) लक्षण. २५०० आरपीएमवर इंजिन धरून व्हॅक्यूम गेज बघा. काटा हळूहळू उतरत राहिला तर धुराला बाहेर पडायला वाट नाही.

डिझेल असेल तर

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या डिझेलला चालू राहायला वीज जवळजवळ लागत नाही. अपवाद फक्त इंजेक्शन पंपावरच्या फ्युएल कट सोलेनॉइडचा (डिझेल चालू-बंद करणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हचा). म्हणून डिझेल इंजिन एका क्षणात गेलं तर आधी त्या एका वायरीकडे बघा. तिलाच वरच्यासारखा दिवा जोडून ठेवा. बऱ्याचदा वायरचं टोक ढिलं होऊन इंजिनाच्या थरथरीने सुटत असतं.

गुदमरत गेलं तर एअर, पाणी किंवा तुंबलेला फिल्टर. फिल्टरच्या तळाचं पाणी काढा. मग फिल्टर ते इंजेक्शन पंप या नळीच्या जागी डिझेलला टिकणारी पारदर्शक नळी तात्पुरती लावा आणि इंजिन चालू ठेवून बघत राहा. बुडबुडे दिसले तर कुठूनतरी हवा ओढली जातेय. कुठून ते शोधायला इंजेक्शन पंपाची नळी मूळ लाइनवरून सोडवून स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये बुडवा, कॅन पंपाच्या वरच्या पातळीवर बांधा आणि एअर काढून गाडी जागेवरच चालवा. रिटर्नची नळीही त्याच कॅनमध्ये सोडा. कॅनवर इंजिन तासभर बिनतक्रार चाललं, तर दोष टाकी ते फिल्टर या भागात. कॅनवरही बंद पडलं, तर पंप आणि त्याच्या पुढचं. ग्लो प्लग (सुरू करताना सिलेंडर तापवणारे प्लग) असलेल्या डिझेलला सुरू करायला ईथरचा स्प्रे मारू नका, आत स्फोट होऊन पिस्टन किंवा रिंग तुटू शकते.

दुरुस्तीनंतर

दिवे आणि वायरी लगेच काढू नका. पेट्रोलचा गेज तेवढा काढून लाइन पूर्ववत बंद करा आणि गळती पुन्हा तपासा. मग वहीतल्या नोंदी उघडून गाडी ज्या परिस्थितीत बंद पडत होती तीच तयार करा: तेवढीच तापवा, टाकी तेवढीच रिकामी ठेवा, तोच चढ चढवा. थंड सकाळी कोपऱ्यापर्यंत मारलेल्या फेरीने काहीच सिद्ध होत नाही. एका वेळी एकच पार्ट बदला आणि काढलेला जुना पार्ट ही चाचणी पार पडेपर्यंत जपून ठेवा. नवा पार्ट पहिल्या दिवसापासून खराब निघू शकतो, आणि तेव्हा तुलना करायला जुनाच हाताशी लागतो.